डोमेन घेण्याआधी एकदा फोन करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाद्यं शिकवण्याचे ऑनलाइन वर्ग सुरू करायचे आहेत. साइटच्या पत्त्यासाठी, म्हणजे डोमेनसाठी, मनात असलेलं नाव डॉट कॉममध्ये दुसऱ्याने आधीच घेऊन ठेवलंय. आता मध्ये हायफन घालून तेच नाव घ्यावं, दुसरं एक्स्टेन्शन (डॉट कॉमच्या जागी दुसरं शेपूट) घ्यावं, की 'ऑनलाइन गिटार क्लासेस' असं थेट कामाचंच नाव घ्यावं, म्हणजे गूगलवर वर दिसेल?

तिन्हींपैकी हायफन आत्ताच बाद करा. कामाचं नाव त्याच्या पाठोपाठ. दुसरं एक्स्टेन्शन चालेल, पण काही अटींवर, त्या पुढे सांगतो. चौथा मार्ग तुम्ही विचारलेलाच नाही, तो म्हणजे नावच बदलणं. अजून एकही विद्यार्थी आलेला नाही, कार्ड छापलेलं नाही, अशा वेळी नाव बदलायला फक्त मनाची तयारी लागते. दोन वर्षांनी बदलायचं म्हटलं तर जुने दुवे, ईमेल, लोकांच्या सवयी, सगळंच हलवावं लागतं.

वीसेक वर्षं मी लोकांच्या साइट बांधतो आणि सांभाळतो. नाव निवडताना जवळपास प्रत्येक जण एकच गोष्ट करतो: ते स्क्रीनवर लिहून बघतो. लोगोत कसं दिसेल, रंग कुठला शोभेल, हीच चर्चा. आणि ते नाव पुढे पसरतं ते मात्र तोंडातून. एक पालक दुसऱ्या पालकाला सांगतो, कुणी चालता चालता फोनवर सांगतं, कुणी पॉडकास्टमध्ये ऐकतं आणि रात्री घरी जाऊन टाइप करतं. मधल्या चार तासांत ते नाव फक्त कानात असतं.

म्हणून माझी परीक्षा एकच आहे. तुमच्या व्यवसायाबद्दल काहीही माहीत नसलेल्या पाच जणांना फोन करा. नाव एकदा सांगा, एकदाच. स्पेलिंग सांगायचं नाही, 'म्हणजे असं बघ' म्हणून समजवायचं नाही. थोडा वेळ दुसरं काहीतरी बोला आणि मग म्हणा, आता ते नाव टाइप करून मला पाठव. पाचातल्या दोघांनी चुकीचं पाठवलं तर ते नाव सोडून द्या, मग ते तुम्हाला कितीही आवडत असो. हा प्रयोग करायला ग्राहक कचरतात. केल्यावर मात्र निम्मी यादी आपोआप गळते, आणि मला वाद घालावा लागत नाही.

ॲमेझॉनचं उदाहरण इथे नेमकं बसतं. जेफ बेझोस यांनी १९९४ मध्ये कंपनीचं पहिलं नाव 'कडाब्रा' ठेवलं होतं, जादूगाराच्या मंत्रातलं. त्यांच्या वकिलाला ते 'कॅडेव्हर' ऐकू आलं, म्हणजे मृतदेह. नाव गेलं. 'रिलेंटलेस' हाही शब्द त्यांनी विचारात घेतला होता. त्याच्या डॉट कॉमवर गेलात तर तुम्ही ॲमेझॉनवरच पोचता. गूगलचं उदाहरण उलट्या बाजूने शिकवतं. ज्यावरून ते नाव आलं तो 'गूगोल' हा गणितातला शब्द आहे, एकावर शंभर शून्यं. १५ सप्टेंबर १९९७ ला डोमेन नोंदलं गेलं ते वेगळ्या स्पेलिंगने. पण हे 'चुकीचं' स्पेलिंग मूळ शब्दापेक्षा सोपं होतं! ऐकणारा जे लिहील तेच ते होतं. स्पेलिंग शब्दकोशाप्रमाणे असावं असं काही नाही, कानाप्रमाणे असावं.

आता हायफन फोनवर सांगून बघा. 'मध्ये डॅश आहे.' 'कुठला डॅश, खालचा की मधला?' 'मधला.' 'दोन शब्दांच्या मध्ये?' एवढं बोलणं झाल्यावर समोरचा डॅश न घालताच टाइप करतो आणि ज्याने तुमच्या आधी ते नाव घेतलंय त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. म्हणजे जाहिरातीचे पैसे तुमचे, गिऱ्हाईक त्याचं. अंकांचंही तसंच: अंकात लिहायचा की अक्षरात? आणि इंग्रजीत 'फोर' ऐकला की चार की 'साठी', हा तिसरा घोळ.

हायफनचा एक प्रामाणिक उपयोग मात्र आहे. डोमेनमध्ये मोकळी जागा चालत नाही आणि कॅपिटल-स्मॉल हा फरक धरला जात नाही, त्यामुळे चिकटलेले शब्द भलतीकडेच तुटतात. 'एक्सपर्ट्‌स एक्स्चेंज' नावाच्या संगणकतज्ज्ञांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटला हे भोवलं. तिचं नाव जोडून लिहिलं की वाचणाऱ्याला ते लिंगबदल करणाऱ्या तज्ज्ञांचं वाटायचं. शेवटी त्यांना मध्ये हायफन घालावा लागला. तुमचं नाव ठरलं की ते सगळं छोट्या रोमन अक्षरांत, एकत्र जोडून लिहा आणि घरातल्या सगळ्यात खोडकर माणसाला वाचायला द्या. तो काय वाचतो ते ऐका. दोन शब्दांच्या सांध्यावर एकच अक्षर दोनदा येत असेल तर तेही टाळा, टाइप करताना त्यातलं एक हमखास सुटतं.

आपल्या भाषांतले शब्द रोमन लिपीत घालताना अडचण आणखी वाढते. 'वाद्य' हा शब्द घ्या. सुरुवात व्ही की डब्ल्यू? आ साठी एक ए की दोन? चार माणसं चार तऱ्हांनी लिहितील आणि चौघंही आपापल्या परीने बरोबर. 'वीणा', 'शिक्षा', 'ऋतू', सगळीकडे तेच. ऱ्हस्व-दीर्घ, श-ष, व्ही-डब्ल्यू यांतलं काहीही शब्दात असेल तर पाच फोनांची परीक्षा नापास होणार, हे मी आत्ताच सांगतो. तरी असं नाव हवंच असेल तर रोमनमध्ये ज्याचं एकच स्पेलिंग रूढ झालंय असा शब्द शोधा. 'तबला' कुणीही एकाच पद्धतीने लिहितं.

मग सरळ देवनागरीतच डोमेन का घेऊ नये? घेता येतं. पण नावांची जी यंत्रणा या सगळ्याच्या मुळाशी आहे ती १९८३ ची, आणि तिच्यात चालतात फक्त रोमन अक्षरं, अंक आणि हायफन, तेही एका भागात जास्तीत जास्त ६३. देवनागरी नावाचं आत एक्सएन आणि दोन हायफन यांनी सुरू होणाऱ्या अगम्य रोमन ओळीत रूपांतर होतं. ब्राउझर ते बहुतेक नीट दाखवतो. नडतं ते ईमेलला. असा ईमेल पत्ता अनेक फॉर्म स्वीकारतच नाहीत. देवनागरी नाव जोडीला घ्या, ते मूळ साइटकडे वळवा, पण मुख्य दार तिथे ठेवू नका.

आता कीवर्डचा, म्हणजे लोक गूगलवर शोधतात त्या शब्दांचा मुद्दा. हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिला असेल, आणि एके काळी तो खराही होता. लोक शोधतात तेच शब्द जोडून डोमेन घ्यायचं, आत चार पानं खरडायची, आणि साइट वर यायची. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलच्या मॅट कट्स यांनी जाहीर केलं की असं तंतोतंत शब्दांचं नाव असलेल्या पण आत दर्जा नसलेल्या साइट आता निकालात खाली जातील. तेव्हापासून नुसत्या नावाच्या जोरावर वर येण्याचे दिवस सरले. आता अशा नावाने वाटतो तेवढा फायदा होत नाही, आणि नुकसान तिहेरी होतं. पहिलं, 'ऑनलाइन गिटार क्लासेस' असं कुणी शोधलं तर त्याला तुमच्यासारख्या शेकडो साइट दिसतील. तुम्हालाच शोधणाऱ्या माणसाला तुम्ही सापडणार नाही. दुसरं, वस्तूचं किंवा सेवेचं नुसतं सामान्य नाव ट्रेडमार्क म्हणून सहसा मिळत नाही, त्यामुळे उद्या शेजाऱ्याने जवळपास तेच नाव घेतलं तर त्याला अडवायला हातात काही नसतं. तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: व्यवसाय वाढला की नाव आखूड होतं. तुम्ही वाद्यं शिकवणार आहात, मग नावात गिटारच का? पुढच्या वर्षी गाणं शिकवावंसं वाटलं तर? ॲमेझॉनने सुरुवातीला फक्त पुस्तकं विकली, पण नावात पुस्तक घातलं नाही. टेस्ला 'टेस्ला मोटर्स' या नावाच्या डोमेनवर होती, पुढे बॅटऱ्या आणि सौरऊर्जेतही उतरली. २०१६ मध्ये तिने नुसतं 'टेस्ला' मिळवलं.

आणि नुसतं भारी नाव असून भागत नाही याची आठवण म्हणून 'पेट्स डॉट कॉम' बघा. पाळीव प्राण्यांचं सामान विकायला याहून सोपं, लहान, लक्षात राहणारं नाव सापडणं अवघड. नोव्हेंबर २००० मध्ये कंपनीने दुकान बंद केलं, कारण जड पोती स्वस्तात घरपोच देताना हिशोबच जुळत नव्हता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

एक्स्टेन्शनबद्दल लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो डॉट कॉम नसेल तर धंदा बुडाला, दुसरा म्हणतो आता कुणी पत्ता टाइप करतच नाही, काहीही घ्या. सवय अजूनही डॉट कॉमची आहे. १९८५ पासून ते आहे, आणि नाव आठवलं पण शेपूट विसरलं की बोटं डॉट कॉमकडेच जातात. ओव्हरस्टॉक या अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये 'ओ डॉट को' हे नाव पुढे करून मोठी जाहिरात केली. लोक 'ओ डॉट कॉम' टाइप करत राहिले. कंपनीला जुन्या नावाकडे परतावं लागलं. उलट झूम कित्येक वर्षं डॉट यूएसवर मजेत वाढलं, कारण त्यांच्याकडे माणसं मीटिंगच्या दुव्यावर टिचकी मारून येत होती, पत्ता टाइप करून नव्हे.

तेव्हा ठरवायचं ते असं. तुम्हाला हव्या असलेल्या नावाच्या डॉट कॉमवर जा आणि आत काय आहे ते नीट बघा. पान रिकामं असेल किंवा 'विकणे आहे' अशी पाटी असेल, तर दुसरं एक्स्टेन्शन चालण्यासारखं आहे. अगदी वेगळ्या क्षेत्रातली छोटी साइट असेल तर थोडा विचार करा. त्याच क्षेत्रातलं कुणी असेल तर त्या नावाकडे पुन्हा बघूही नका. तुमच्या पत्त्यावर येणारी पत्रं, शुल्काच्या पावत्या, पालकांच्या शंका यांतला काही भाग रोज त्याच्या पेटीत पडेल, आणि तुम्हाला ते कळणारही नाही. साइटवर चुकून गेलेला माणूस निदान परत येतो. चुकून गेलेली ईमेल परत येईलच असं नाही.

मूळ नाव सोडायचं नसेल तर आधी किंवा नंतर एक छोटा शब्द जोडणं हा हायफनपेक्षा कितीतरी चांगला तोडगा आहे, कारण तो ऐकू येतो. ड्रॉपबॉक्स सुरुवातीला 'गेट ड्रॉपबॉक्स' या पत्त्यावर होतं. फेसबुक २००५ पर्यंत 'द फेसबुक' होतं, मग २ लाख डॉलर देऊन त्यांनी 'द' काढून टाकलं. दोघांनीही आधी व्यवसाय उभा केला, नाव नंतर विकत घेतलं. क्रम लक्षात घ्या.

दोन अक्षरी एक्स्टेन्शनबद्दल मात्र मी जरा कडक आहे. दोन अक्षरांचं प्रत्येक एक्स्टेन्शन कुठल्या ना कुठल्या देशाचं किंवा प्रदेशाचं असतं, ते कितीही तांत्रिक आणि आधुनिक वाटो. डॉट टीव्ही तुवालूचं, डॉट एआय अँग्विलाचं, डॉट मी माँटेनेग्रोचं, डॉट आयओ ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचं. तुम्ही भाडेकरू असता आणि घरमालक एक सरकार असतं. २०१० मध्ये लिबियाच्या डॉट एलवायवर चालणारी दुवे छोटे करणारी एक साइट तिथल्या कायद्यात बसत नाही म्हणून बंद करण्यात आली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या अनेक कंपन्यांना आणि लोकांना आपली डॉट ईयू नावं गमवावी लागली. युगोस्लाव्हिया हा देश संपल्यावर काही वर्षांनी, २०१० मध्ये, डॉट वाययूही संपलं. चागोस बेटांचा, म्हणजे याच ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचा, ताबा मॉरिशसला द्यायचं ब्रिटनने जाहीर केलं तेव्हा डॉट आयओवर धंदा मांडून बसलेल्या किती जणांची झोप उडाली असेल. तुम्ही ज्या देशात राहता आणि विकता त्या देशाचं एक्स्टेन्शन घेणं वेगळं, त्यात काही वावगं नाही, उलट ग्राहकाला विश्वास वाटतो. नुसतं दिसायला छान म्हणून परक्या देशाचं घेणं टाळा. त्याच अक्षरांनी शब्द पूर्ण करायचा मोहही टाळा. बुकमार्क जपायची 'डिलिशस' ही सेवा शेवटच्या 'यूएस' या अक्षरांचंच एक्स्टेन्शन करून, नावात दोन ठिकाणी टिंब घालून चालायची. चलाख नाव, पण टिंबं कुठे हे आठवत नसे. २००८ मध्ये त्यांनी सरळ डॉट कॉम स्वीकारलं.

२०१२ मध्ये नव्या एक्स्टेन्शनांसाठी अर्ज मागवले गेले, त्यानंतर आलेली शेकडो नवी एक्स्टेन्शनं, म्हणजे डॉट शॉप, डॉट ऑनलाइन वगैरे, तांत्रिकदृष्ट्या ठीक आहेत. पण विकत घेताना पहिल्या वर्षाची किंमत बघू नका, नूतनीकरणाची बघा. पहिलं वर्ष जवळपास फुकट आणि दुसऱ्या वर्षी अनेक पट, हा प्रकार सर्रास चालतो. काही नावं 'प्रीमियम' म्हणून दर वर्षीच महाग असतात. डॉट कॉमच्या घाऊक दराच्या वाढीला करारातली मर्यादा आहे, बहुतेक नव्यांना ती नाही.

नाव उपलब्ध दिसतंय म्हणजे ते मोकळं आहे, असं समजू नका. डोमेन विकणारा फक्त कुणी नोंदलंय का एवढंच बघतो. त्या नावाचा ट्रेडमार्क कुणाकडे आहे का, हे तुम्ही बघायचं. जिथे जिथे विकणार तिथल्या ट्रेडमार्क नोंदणीत शोधा, पैसे भरायच्या आधी. १९९९ पासून डोमेनच्या वादांसाठी एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्यात तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखंच किंवा फसवणूक होईल इतकं जवळचं आहे, तुमचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूने नोंदलं आणि वापरलं. तिन्ही सिद्ध झाल्या तर नाव हातातून जातं. आणि हेतू शुद्ध असला तरी मनस्ताप चुकत नाही. उझी निसान या गृहस्थांनी १९९४ मध्ये स्वतःच्या आडनावाचं डॉट कॉम घेतलं, आपल्या संगणकाच्या व्यवसायासाठी. १९९९ मध्ये निसान या मोटार कंपनीने त्यांच्यावर दावा लावला. नाव शेवटी त्यांच्याकडेच राहिलं, पण कित्येक वर्षं कोर्टकचेरीत आणि भरमसाट खर्चात गेली.

नाव आधी कुणी वापरून सोडलेलं असेल तर त्याचा इतिहासही बघा. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्या पत्त्यावर पूर्वी काय होतं ते दिसतं. माझ्या एका ग्राहकाने हौसेने एक छान, लहान, जुनं नाव घेतलं. साइट सुरू झाली आणि त्यांची पत्रं सगळ्यांच्या स्पॅममध्ये जायला लागली. शोधल्यावर कळलं की आधीच्या मालकाने तिथे जुगाराचा अड्डा चालवला होता आणि जगभर कचरा-ईमेल पाठवल्या होत्या. ती बदनामी धुवायला आम्हाला बरेच महिने लागले. पाच मिनिटांची तपासणी मीच करायला हवी होती, हे कबूल.

घेतलेलं नाव मालकाकडून विकत घ्यायचं झालं तर विचारून बघायला हरकत नाही. फक्त पत्रात आपल्या व्यवसायाचं कौतुक लिहू नका आणि आधी आकडा सांगू नका. २०१८ पासून खासगीपणाच्या युरोपीय नियमांमुळे मालकाचा पत्ता बहुतेक लपवलेला असतो. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदून देणाऱ्या कंपनीच्या, फॉर्ममधून निरोप जातो. सौदा ठरला तर पैसे एस्क्रोमधूनच द्या, म्हणजे नाव हातात येईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे राहतात. माझी मर्यादा अशी: पहिल्या वर्षाच्या जाहिरातीला जेवढे ठेवलेत त्याहून जास्त नावावर उधळायचे नाहीत.

नाव मिळाल्यावरचं काम कंटाळवाणं आहे, आणि घोटाळे बहुतेक तिथेच होतात. डोमेन तुमच्या नावावर नोंदलेलं हवं. साइट बनवणाऱ्याच्या नाही, भाच्याच्याही नाही. एका ग्राहकाचं डोमेन त्यांच्या आधीच्या डिझायनरने स्वतःच्या खात्यात घेतलं होतं. भांडण झालं, डिझायनर फोन उचलेना, आणि सात वर्षं चालवलेलं नाव कागदोपत्री दुसऱ्याचं निघालं. रजिस्ट्रारकडे दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद, मग आठवणीचं पत्र येणार कुठे? ऑटो-रिन्यू (आपोआप नूतनीकरण) चालू ठेवा, ट्रान्सफर लॉक (नाव परस्पर दुसरीकडे हलवू न देणारं कुलूप) लावा, लॉगिनला दुसरी पायरी ठेवा, आणि कार्डाची मुदत संपली की तिथलं कार्ड बदला. डिसेंबर १९९९ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्ट, हॉटमेलचं लॉगिन ज्यावरून चालायचं त्या 'पासपोर्ट डॉट कॉम'चं नूतनीकरण विसरली आणि हॉटमेलमध्ये शिरताना लोक अडकले. एका प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते चालू केलं. तुमच्यासाठी असा भला माणूस येईलच असं नाही. डॉट कॉमची मुदत संपल्यावर रजिस्ट्रार जास्तीत जास्त ४५ दिवस थांबू शकतो, पण काही जण त्याच्या कितीतरी आधी नाव लिलावात काढतात. त्यानंतरचे ३० दिवस सोडवणुकीचे, त्याला जबर दंड. शेवटी नाव पुसलं जायचे ५ दिवस, आणि मग नाव सगळ्यांसाठी खुलं. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदता येतं. मुख्य नाव तरी काही वर्षांचं एकदम भरून टाका.

जोडीला काय घ्यायचं? फोनच्या परीक्षेत ज्यांनी चुकीचं पाठवलं त्यांचं स्पेलिंग मोकळं असेल तर ते घ्या आणि मुख्य साइटकडे कायमचं वळवा. त्या चुका खऱ्या आहेत, कुणीतरी खरोखर तशी केली आहे. रजिस्ट्रार शेवटच्या पानावर आणखी बारा एक्स्टेन्शनं गळ्यात घालायला बघेल, तिथे खूण काढून टाका.

तर तुमच्या बाबतीत: मूळ नावाच्या डॉट कॉमवर आज काय आहे ते आधी बघा आणि मला कळवा. 'विकणे आहे' असेल तर एक विचारणा करून ठेवा, पण त्याच्या उत्तराची वाट बघत बसू नका. दुसरा संगीतवर्ग निघाला तर ते नाव विसरा. दरम्यान गिटार, ऑनलाइन, क्लास, बेस्ट हे चार शब्द वर्ज्य करून पंधरा-वीस नावं लिहा आणि फोन लावायला घ्या.